एसीतला गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये कसा घ्यायचा

एसी-फ्रिजचं काम करणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, खास करून ज्यांच्याकडे गेज आहे, व्हॅक्यूम पंप आहे, फ्लेअरिंग टूल आहे पण रिकव्हरी मशिन (एसीतला गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं मशिन) एकतर घेतलेलंच नाही किंवा दुकानात कोपऱ्यात धूळ खात पडलंय. आपल्याकडे काय होतं, कॉइल बदलायचं असो नाहीतर कॉम्प्रेसर, आधी नट ढिला करायचा आणि गॅस फुस्स करून सोडून द्यायचा, आणि हेल्पर आला की त्यालाही पहिल्याच आठवड्यात हेच शिकवायचं. हे खरंच बंद झालं पाहिजे. एक किलो आर-२२ (जुन्या एसीतला गॅस) हवेत सोडला की साधारण १.८ टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं, वर ओझोनचं नुकसान वेगळं. आर-४१०ए ओझोनला काही करत नाही पण उष्णता धरण्यात तो आर-२२ च्याही पुढे, किलोला दोन टनांच्या वर. आर-३२ त्यामानाने बरा, किलोला पाऊण टनाच्या आत, पण तो पेट घेतो, म्हणजे बंद गॅलरीत सोडला तर धोका आपल्याच अंगावर.

आणि नुसतं पर्यावरण म्हणून नाही, धंद्याचंही बघा. नवीन मशिन बनवताना आर-२२ वापरणं भारतात २०२४ अखेर बंद झालंय, आता तो फक्त जुन्या मशिनच्या सर्व्हिसिंगसाठी मिळतो आणि तोही २०३० पर्यंत कमी कमी होत जाणार. उष्णता धरणारे असे गॅस कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय किगाली करार भारताने २०२१ मध्ये मंजूर केला, त्यानुसार २०२८ पासून आर-३२, आर-४१०ए, आर-१३४ए असल्या गॅसवरही मर्यादा येणार. म्हणजे आज जो गॅस आपण फुकट सोडतोय तोच उद्या महाग पडणार आहे. जुन्या आर-२२ च्या मशिनमधून नीट काढलेला स्वच्छ गॅस त्याच मशिनमध्ये परत भरता येतो, कस्टमरचे पैसे वाचतात आणि तो पुढच्या वेळी आपल्यालाच फोन करतो.

बहुतेक जण रिकव्हरी मशिन कुठलं घेऊ असं विचारतात. माझं स्पष्ट मत आहे की मशिनच्या आधी सिलिंडर आणि वजनकाट्याचा विचार करा, कारण रिकव्हरीत जीवघेणा धोका असतो तो सिलिंडरचा. मशिन बिघडलं तर बंद पडतं, जास्त भरलेला सिलिंडर फुटतो.

सिलिंडर रिकव्हरीसाठीच बनवलेला हवा, दोन व्हॉल्व्हचा, एक गॅसचा आणि एक लिक्विडचा, सेफ्टी व्हॉल्व्ह असलेला आणि आर-३२, आर-४१०ए साठी किमान ४०० पीएसआय (प्रेशरचं माप) रेटिंगचा. नवीन गॅस ज्या एकदाच वापरायच्या डब्यात येतो तो रिकामा झाला की त्यातच परत गॅस भरायचा हा प्रकार गल्लोगल्ली चालतो, तो अजिबात करू नका. तो डबा पातळ पत्र्याचा असतो, परत भरायला बनवलेलाच नसतो, आतून गंज धरला तरी बाहेरून कळत नाही. सिलिंडरवर टेस्टची तारीख ठोकलेली असते ती बघा, मुदत संपलेला सिलिंडर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. आर-३२ च्या सिलिंडरला बऱ्याचदा उलटे आटे असतात, तो पेटणारा गॅस आहे हे कळावं म्हणून, तिथे जबरदस्तीने सरळ आट्याचा अ‍ॅडाप्टर ठोकू नका, बरोबर अ‍ॅडाप्टर मिळतो.

आता भरायचं किती. सिलिंडरच्या गळ्यावर दोन आकडे असतात, पाण्याची क्षमता आणि रिकाम्याचं वजन. नियम असा की लिक्विडने सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही, पण वेगवेगळ्या गॅसची घनता वेगळी, म्हणून किलोचा हिशोब प्रत्येकाचा वेगळा येतो. २५ डिग्रीला लिक्विडची घनता, म्हणजे एका लिटरचे किलो, आर-२२ ची १.१९ धरा, आर-१३४ए ची १.२१, आर-४१०ए ची १.०६ आणि आर-३२ ची ०.९६. समजा सिलिंडर १२ लिटरचा आहे, तर आर-२२ साठी १२ गुणिले ०.८ गुणिले १.१९ म्हणजे साधारण ११.४ किलो, आणि त्याच सिलिंडरमध्ये आर-३२ मात्र फक्त ९.२ किलो. रिकाम्याचं वजन ७ किलो असेल तर आर-३२ भरताना काट्यावर १६.२ दिसलं की थांबायचं. आर-२२ ची सवय असलेला माणूस अंदाजाने भरत गेला तर आर-३२ चा सिलिंडर काठोकाठ भरून बसतो.

आणि हे २५ डिग्रीचे आकडे आहेत. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे सावलीतच ४५ च्या आसपास तापमान असतं, आणि बंद काचांच्या गाडीत ते अजून बरंच वर जातं. लिक्विड गरम झालं की फुगतं, आणि आर-३२ तर जरा जास्तच फुगतो, २५ डिग्रीला ८० टक्के असलेला सिलिंडर ६० डिग्रीच्या जवळ गेला की आत मोकळी जागा जवळजवळ उरतच नाही. एकदा का आत नुसतं लिक्विड राहिलं की पुढच्या प्रत्येक डिग्रीला प्रेशर भयानक वेगाने चढतं. म्हणून माझं सांगणं, विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात काम करत असाल तर ८० टक्के विसरा, ७० वर थांबा, म्हणजे वरच्या उदाहरणात आर-३२ चे ८ किलो. अंदाज, हाताने उचलून बघणं, वाजवून बघणं हे काही कामाचं नाही, डिजिटल काटा लागतोच.

रिकव्हरी मशिन घेताना एकच गोष्ट नीट विचारा, आर-३२ ला चालतं का. जुनी आर-२२ च्या काळातली मशिन ठिणगी पाडू शकतात, त्यांचा स्विच, मोटार पेटणाऱ्या गॅससाठी बनवलेली नसते. ऑइललेस मशिन घ्या, हाय प्रेशर कटआउट (प्रेशर जास्त झालं की मशिन बंद करणारा स्विच) असलेलं, बऱ्याच मशिनमध्ये तो ५५० पीएसआयच्या आसपास लागतो. एकट्याला खर्च झेपत नसेल तर एरियातल्या तीन-चार जणांनी मिळून एक घ्या, रोज काही कॉम्प्रेसर बदलायचे नसतात. सोबत मशिनच्या इनलेटला लावायला छोटा फिल्टर, बॉल व्हॉल्व्हचे होज आणि सर्व्हिस पोर्टमधली (एसीत गॅस भरायच्या-काढायच्या तोंडातली) पिन काढायचं टूल घ्या. या पिन काढायच्या टूलला कोणी किंमत देत नाही पण पिन जागेवर ठेवून गॅस ओढला तर काम दुप्पट वेळ चालतं.

जागेवर गेल्यावर पहिलं काम नेमप्लेट वाचायचं, कुठला गॅस आणि किती. पण नुसत्या नेमप्लेटवर विश्वास ठेवू नका, आधीच्या कुणी त्यात काय भरलंय देव जाणे. आर-२२ च्या मशिनमध्ये प्रोपेनसारखा पेटणारा हायड्रोकार्बनवाला गॅस भरून गेलेले लोक आहेत आणि त्यात गोची अशी की प्रोपेनचं प्रेशर आर-२२ च्या बरंच जवळ असतं, ३५ डिग्रीला आर-२२ साधारण १८० पीएसआय तर प्रोपेन १६० च्या आसपास, म्हणजे गेज बघून पटकन लक्षात येत नाही. एसी बंद करून निवांत होऊ द्या, बाहेरचं तापमान मोजा आणि कुठल्या तापमानाला कुठल्या गॅसचं प्रेशर किती ते दाखवणाऱ्या चार्टशी गेज जुळवा. ३५ डिग्रीला आर-४१०ए आणि आर-३२ दोन्ही ३०० च्या आसपास दाखवतात, आर-१३४ए ११५ च्या आसपास. काहीतरी जुळत नसेल तर कस्टमरला विचारा मागच्या वेळी कोणी काय भरलं, आणि खात्री होत नसेल तर तो गॅस पेटणारा आहे असंच धरून चाला आणि वेगळ्या सिलिंडरमध्ये घ्या. एका सिलिंडरमध्ये एकच गॅस, यात तडजोड नाही. मिसळलेला गॅस पुन्हा कुणाच्याच कामाचा राहत नाही.

सुरू करण्याआधी एमसीबी खाली. इन्व्हर्टर एसी असेल तर आउटडोअरच्या पीसीबीवरच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी बसलेला असतो, सप्लाय काढल्यावर दहा मिनिटं थांबा, मल्टिमीटरने बघा आणि मगच आत हात घाला. चष्मा आणि हातमोजे घाला, आर-३२ चं लिक्विड हवेत आलं की उणे ५० च्या खाली उकळतं, बोटावर उडालं की चामडी गोठते. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साठतो, म्हणून बेसमेंट, डक्ट, सगळीकडून बंद केलेली ड्राय बाल्कनी अशा ठिकाणी दारं-खिडक्या उघडा, फॅन लावा, पण पेटणारा गॅस असेल तर फॅनचा स्विच त्या जागेपासून लांबचा हवा. विडी-सिगरेट, देवाचा दिवा, शेजारच्या किचनमधला गॅस, सगळं बघून घ्या. आउटडोअर छज्ज्यावर असेल तर बेल्ट लावल्याशिवाय चढू नका, मशिन आणि सिलिंडर घरात किंवा गच्चीवर ठेवा आणि लांब होज वापरा, छज्ज्यावर उभं राहून काटा वाचत बसायची वेळ येऊ देऊ नका.

जोडणी अशी. स्प्लिटला सर्व्हिस पोर्ट बहुतेक वेळा जाड पाइपच्या व्हॉल्व्हवरच असतो, तिथे निळा होज. मॅनिफोल्डचा (दोन गेज बसवलेल्या पट्टीचा) पिवळा होज फिल्टरमधून रिकव्हरी मशिनच्या इनलेटला, त्याच्या आउटलेटमधून सिलिंडरच्या गॅसच्या व्हॉल्व्हला. सिलिंडर काट्यावर सरळ उभा. नवीन सिलिंडरमध्ये बऱ्याचदा नायट्रोजन भरून येतो, तो सोडून व्हॅक्यूम करून घ्या. होजमध्ये हवा असते तीही काढायची, व्हॅक्यूम पंपाने काढली तर उत्तम. मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा, रिकव्हरी मशिन चालू करा, आणि इनलेट हळूहळू उघडा, एकदम उघडला आणि लिक्विड आत गेलं तर मशिन ठोके मारायला लागतं. ठोके ऐकू आले की लगेच थोडा बंद करा.

छोट्या स्प्लिटमध्ये गॅसच निघतो, तेवढ्यात काम होतं. डक्टेबल किंवा कोल्ड रूमचं रिसिव्हर (लिक्विड साठवायची टाकी) असलेलं मशिन असेल तर आधी लिक्विड लाइनने काढा, लिक्विडमध्ये माल भराभर निघतो, आणि मग उरलेला गॅस सक्शनकडून ओढा. पुश-पुल पद्धत (सिलिंडरमधला गॅस ओढून सिस्टिममध्ये दाबायचा आणि तिथलं लिक्विड सिलिंडरमध्ये ढकलायचं) फक्त बऱ्याच किलोंच्या मोठ्या मशिनसाठी, दीड टनाच्या स्प्लिटला तिचा उपयोग नाही.

काम चालू असताना सिलिंडर तापतो आणि आतलं प्रेशर वाढून मशिनला ढकलायला जड जातं, तेव्हा सिलिंडरवर ओलं गोणपाट टाका किंवा टबात पाणी घेऊन त्यात उभा करा, पण आधी पाण्याने भरलेला टब एकटाच काट्यावर ठेवून काटा शून्य करा आणि मगच सिलिंडर त्यात ठेवा, नाहीतर भरलेल्या गॅसचा हिशोब चुकेल. उलट्या बाजूने, कॉम्प्रेसरच्या बुडाला किंवा कुठल्या पाइपला बर्फ धरलेला दिसला तर तिथे लिक्विड अजून उकळतंय, तिथे कोमट पाणी ओता, वायरिंग वाचवून. पाइप जोडायचा आगीचा टॉर्च लावायचा नाही, कॉम्प्रेसरलाही नाही आणि सिलिंडरला तर कधीच नाही.

कधी थांबायचं यावर लोकांचा गोंधळ होतो. एसी लीक नसेल, नुसता कॉम्प्रेसर किंवा पार्ट बदलायचा असेल तर गेज शून्याच्या खाली, दहा इंच व्हॅक्यूमपर्यंत जाऊ द्या. लीक असेल तर शून्यालाच थांबा, कारण त्याच्या खाली गेलात की त्या भोकातून हवा आत येते आणि ती सरळ तुमच्या सिलिंडरमध्ये जाते. थांबल्यावर पाच मिनिटं नुसतं बघा. ऑइलमध्ये विरघळलेला गॅस हळूहळू सुटतो, गेज परत चढतो, मग पुन्हा ओढा. इन्व्हर्टरमध्ये इलेक्ट्रॉनिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा प्रवाह कमी-जास्त करणारा) बंद अवस्थेत राहिला असेल तर एका बाजूचा गॅस अडकून बसतो आणि असाच सावकाश येत राहतो, तिथे घाई करून नट खोलला तर उरलेलं सगळं तोंडावर येतं. शेवटी रिकव्हरी मशिनचा नॉब पर्जवर फिरवून त्याच्या पोटातला गॅसही सिलिंडरमध्ये घाला आणि सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद करूनच होज सोडा.

सिस्टिम रिकामी झाली म्हणून लगेच टॉर्च पेटवू नका. पाइप आधी कटरने कापा. ऑइलमध्ये थोडा गॅस राहतोच, आणि आर-२२ सारखा गॅस ज्योतीत जळला की विषारी वायू तयार होतात, त्यात फॉस्जीनही असतो, आर-३२ जळला की हायड्रोजन फ्लोराइड. नाकात झोंबणारा वास आला किंवा ज्योतीचा रंग बदलला की टॉर्च बंद आणि बाहेर मोकळ्या हवेत. ब्रेझिंग (ज्योतीने पाइप जोडणं) करताना आतून हळू नायट्रोजन चालू ठेवा, प्रेशर टेस्टही नायट्रोजननेच, रेग्युलेटर लावून. ऑक्सिजनने कधीच नाही, ऑइल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

आता पंप डाऊन, म्हणजे एसीच्याच कॉम्प्रेसरने सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा करणं, कारण शिफ्टिंगच्या कामात सगळे तेच करतात आणि बरोबर केलं तर गॅसही वाचतो. कूलिंगवर मशिन चालू, इन्व्हर्टर असेल तर टेस्ट मोडवर, अ‍ॅलन कीने बारीक पाइपचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद, निळा गेज खाली येत येत शून्याजवळ आला की जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद आणि त्याच क्षणी मशिन बंद. गेज लावल्याशिवाय, मनात आकडे मोजून पंप डाऊन करणारे खूप आहेत. ते करू नका, कारण शून्याच्या खाली गेल्यावर एखाद्या ढिल्या फ्लेअरमधून हवा आत ओढली जाते, आणि कॉम्प्रेसरमध्ये हवा आणि ऑइलची वाफ एकत्र दाबली गेली की डिझेल इंजिनमध्ये होतं तसं ते आपोआप पेटतं आणि कॉम्प्रेसर बॉम्बसारखा फुटतो. कॉम्प्रेसर चालू असताना पाइप खोलला तरी हेच होतं. म्हणून ज्या मशिनमध्ये लीक आहे, गॅस कमी झालाय किंवा आत हवा गेल्याचा संशय आहे तिथे पंप डाऊनच्या भानगडीत पडू नका, रिकव्हरी मशिन लावा. आणि कॉम्प्रेसरने हवा ओढून लीक टेस्ट करणाऱ्यांना तर तिथेच थांबवा, वयाने मोठा असला तरी.

फ्रिज आणि विंडो एसीला सर्व्हिस व्हॉल्व्ह नसतो, तिथे प्रोसेस ट्यूबला (गॅस भरून बंद केलेल्या नळीला) पिअर्सिंग व्हॉल्व्ह (नळीला भोक पाडून बसणारा) लावून काढायचं. आर-१३४ए चा फ्रिज असेल तर वरचीच पद्धत. आर-६००ए (आयसोब्युटेन) चा असेल तर माल काही ग्रॅमच असतो पण तो पेटतो, साधं रिकव्हरी मशिन त्याला अजिबात लावायचं नाही. फ्रिज शक्यतो बाहेर आणा, नाहीतर लांब होज खिडकीबाहेर मोकळ्या हवेत काढा, खाली कोणाची शेगडी किंवा विजेचा बोर्ड नाही बघा, प्लग काढलेला ठेवा, आणि हळू सोडा. ज्वलनशीलतेमुळे इथे एवढी काळजी घ्यावी लागते, हवामानावर त्याचा परिणाम नगण्य आहे.

कॉम्प्रेसर जळालेला असेल तर त्यातला गॅस आंबलेला, अ‍ॅसिड झालेला असतो, ऑइल काळं आणि उग्र वासाचं. हात लावू नका, रबरी हातमोजे घाला. तो गॅस खराब मालाच्या वेगळ्या सिलिंडरमध्ये घ्या, नंतर रिकव्हरी मशिनचा फिल्टर फेकून नवा लावा, नाहीतर पुढच्या कस्टमरच्या चांगल्या गॅसमध्ये तेच अ‍ॅसिड जाणार.

काढलेला चांगला गॅस शक्यतो त्याच मशिनमध्ये परत, फिल्टर ड्रायरमधून आणि वजन करून. दुसऱ्या कस्टमरला नवा म्हणून विकायचा नाही. काढलेलं वजन नेमप्लेटच्या वजनाशी जुळवून बघा, नेमप्लेट ९०० ग्रॅम सांगते आणि निघाले ५०० तर लीक कुठेतरी आहेच, ते शोधल्याशिवाय भरू नका, आणि हे कस्टमरलाही काट्यावर दाखवा. एसीतला गॅस वापरून संपत नसतो, दरवर्षी भरावा लागत नाही, हे त्यांना सांगणारा कोणीतरी पाहिजे.

सिलिंडरला लगेच टॅग बांधा, गॅसचं नाव, किलो, तारीख, कुठल्या मशिनमधून निघाला आणि चांगला की जळालेल्या कॉम्प्रेसरचा. गाडीत उभा बांधून न्या, उन्हात किंवा बंद गाडीत सोडून जेवायला जाऊ नका. गॅस लगेच भरायचा नसेल तर दुकानात सावलीत रात्रभर राहू द्या आणि सकाळी खोलीचं तापमान आणि सिलिंडरचं प्रेशर चार्टशी ताडून बघा. ३० डिग्रीला आर-३२ चं प्रेशर साधारण २६५ पीएसआय यायला हवं, आर-२२ चं १५८ च्या आसपास. त्यापेक्षा स्पष्ट जास्त दाखवत असेल तर आत हवा शिरलीय, तो सिलिंडर बाजूला ठेवून टॅगवर हवा असल्याचं लिहा आणि गॅस शुद्ध करून देणाऱ्याकडे पाठवा, कुणाच्याही मशिनमध्ये भरू नका.